कुंडीतल्या गोष्टी: रोहिणी निघाल्या, आता काय टाकू?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मला जे प्रश्न येतात ना त्यात एक शब्द हमखास असतो, 'टाकू'. ताई युरिया टाकू का, ताई चहाचा चोथा टाकू का, केळीच्या सालीचं पाणी टाकू का, आणि यावेळी एकीने तर डोकेदुखीची गोळी चुरून टाकू का असं विचारलंय, डोकं कुणाचं दुखतंय ते काही कळलं नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवते, यावेळी माझी निम्मी उत्तरं 'काही टाकू नका' अशीच आहेत, रागावू नका. २५ मेच्या आसपास रोहिणी निघतात, ७-८ जूनला मृग लागतो, आणि मृग लागला म्हणजे पाऊस आलाच असं आपल्या नाशिकमधे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणजे अजून दोन-तीन आठवडे काढायचेत. आत्ता झाड वाढवायच्या मागे लागू नका, नुसतं टिकवायचं बघा.

प्रश्न: ताई, माझ्या गच्चीत टोमॅटोची ११ झाडं आहेत. मार्चपर्यंत इतके टोमॅटो निघाले की सोसायटीत वाटले. आता महिना झाला, फुलं येतात आणि दोन दिवसात देठासकट गळतात. नर्सरीतून फूल टिकवायचं टॉनिक आणून दोनदा फवारलं, शून्य फरक. जे चार टोमॅटो धरलेत ते पण बुडाकडून काळे पडतायत. पाणी तर मी भरपूर देते, जमेल तेव्हा देते. (इंदिरानगर)

उत्तर: फुलगळ ही तुमची चूक नाहीच, ती या उन्हाची आहे. टोमॅटोचं फूल भारी नाजूक प्रकरण असतं, दिवसा पारा ३५ च्या वर गेला आणि रात्री पण २१-२२ च्या खाली उतरला नाही की त्यातले परागकण निकामी होतात, मग फळ धरणार कुठून, झाड सरळ फूल टाकून देतं. आणि गच्चीवर तर अजून वाईट, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती धग सोडत राहतो, संध्याकाळी अनवाणी जाऊन बघा म्हणजे कळेल झाडाला काय वाटतं ते. यावर टॉनिक चालत नाही हो. टॉनिकचे पैसे वाचवा आणि ५० टक्के सावलीची शेडनेट आणा, पश्चिमेच्या बाजूने आडवी-उभी कशी पण बांधा, दुपारी बारा ते चारचं ऊन अडलं की पुरे, सकाळचं ऊन मात्र येऊ द्या. नेट झाडाच्या डोक्यावर टेकवू नका, दोन-तीन फूट वर हवी, नाहीतर आत भट्टी होते.

बूड काळं पडण्याचं कारण मात्र वेगळं आहे आणि ते तुमच्याच वाक्यात सापडलं मला, 'जमेल तेव्हा देते'. फळाच्या बुडाला कॅल्शियम पोचलं नाही की ते असं चामड्यासारखं काळं होतं. आता लगेच अंड्याची टरफलं टाकायला धावू नका, कॅल्शियम बहुतेक वेळा मातीत असतंच, ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणीच कधी आहे कधी नाही असं झालं की ते फळापर्यंत जात नाही. शिवाय टरफलं मातीत विरघळायला कित्येक महिने लागतात, तोवर तुमचा टोमॅटो, त्याची मुलं, नातवंडं सगळी होऊन जातील. रोज एकाच वेळी पाणी, सकाळी आठच्या आत, खालून निथळेल इतकं. संध्याकाळी बोट घालून बघायचं, दोन पेरं आत ओल लागली तर द्यायचं नाही, कोरडं लागलं तर थोडं द्यायचं. एवढंच.

आणि मातीवर आच्छादन घाला. तुमच्या इंदिरानगरात कोपऱ्या-कोपऱ्यावर रसवंती आहेत, संध्याकाळी गेलात तर उसाचं चिपाड पोतंभर फुकट देतात, उलट त्यांची कटकट जाते. ते तसंच कुंडीत घालू नका, मुंग्यांची जत्रा भरते, आधी भिजवून गोडवा काढा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग हाताने तोडून दोन इंच जाड थर. पाणी अर्ध्याने कमी लागतं हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

खरं सांगू का, ११ पैकी जी ७-८ झाडं म्हातारी झालीत ती काढूनच टाका. जीव तुटतो माहितीये, पण ती नोव्हेंबर-डिसेंबरची लावलेली असणार, त्यांचं आयुष्य संपलंय. जूनच्या पहिल्या आठवड्यात बी टाकलंत की २५-३० दिवसात रोप लावायजोगं होतं. आपले पिंपळगाव बसवंत, दिंडोरीकडचे टोमॅटोवाले पावसाळ्याचीच लागवड करतात, उगाच नाही करत. झाड उपटलं की मुळं बघा, गाठी-गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी आहेत, म्हणजे मुळांत राहणारे डोळ्याला न दिसणारे बारीक जंत, त्या मातीत लगेच परत टोमॅटो किंवा वांगं लावू नका. ती माती ओली करा, गच्चीवर चार-पाच इंच थरात पसरा, वरून पारदर्शक प्लास्टिक कागद घट्ट दाबून टाका आणि पाऊस येईपर्यंत तशीच तापू द्या. कागद पारदर्शकच हवा, काळा नको, काळा स्वतः तापतो आणि खालची माती त्या मानाने कमी तापते. चार ते सहा आठवडे मिळाले तर उत्तम, म्हणजे हे काम एप्रिलअखेर सुरू करायला हवं होतं, पण आत्ताचे दोन-तीन आठवडे पण वाया जाणार नाहीत. नंतर त्यात झेंडू लावा, झेंडूच्या मुळांना सूत्रकृमी वचकून असतात.

प्रश्न: मॅडम, मिरचीची पानं गोळा होतायत. ताक फवारलं, हळद टाकली, राख टाकली. पाथर्डी फाट्याला फ्लॅट आहे, बाल्कनी पश्चिमेला. नोकरीमुळे फक्त शनिवार-रविवार बघायला मिळतं. (पाथर्डी फाटा)

उत्तर: याला आपल्याकडे चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात, पण तो एकच रोग नाही, तीन वेगळ्या भानगडी एकाच नावाखाली खपतात. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलंय का? तर फुलकिडे, पानाचा रस शोषणारे बारीक किडे. खाली वळलंय, उपडी होडी, आणि देठ लांबलाय? तर कोळी, घरातला जाळंवाला नाही, पानाचा रस शोषणारा टिंबाएवढा. आणि पान बारीक, पिवळट, झाड खुरटं होऊन गुच्छ झालाय? मग तो व्हायरस, पांढरी माशी आणते, त्याला औषध नाही, उपटा आणि पिशवीत घालून कचऱ्यात द्या, कंपोस्टमधे नाही.

कोरड्या उन्हात कोळी आणि फुलकिडे दोघांची चंगळ असते. तुमचं शनिवार-रविवारचंच गणित आहे तर असं करा, शनिवारी सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याची जोरदार फवारणी, अगदी धुवून काढा, निम्मे किडे त्यातच जातात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, नीट हलवून. परत पुढच्या शनिवारी. तीनदा झालं की नवीन पालवी बघा, ती सरळ आली तर जिंकलात, जुनी वळलेली पानं सरळ होत नाहीत त्यांच्याकडे बघत बसू नका. दुपारी मात्र चुकूनही तेल मारू नका, पानं भाजतात. आणि कुणी गंधक सांगितलं तर ३५ च्या वर तापमान असताना गंधक नको.

जूनमधे रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडायला लागेल. गोळा करा, गर काढून धुवा, सावलीत वाळवा. वर्षभराचं औषध फुकट. पुढे ५० ग्रॅम कुटून एका फडक्यात बांधायची, लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवायची, सकाळी पिळून फवारायची. दुकानातल्या बाटलीपेक्षा मला तर यावरच जास्त भरवसा आहे.

हळद आणि राखेबद्दल काय बोलू, मिरचीला फोडणीच राहिली फक्त.

प्रश्न: मावशी, माझ्या मोगऱ्याला नुसतीच पानं. शेजारणीकडे त्याच नर्सरीतला मोगरा, रोज ओंजळभर फुलं काढते, मला दाखवून दाखवून काढते. मी दर पंधरा दिवसांनी खत घालते तरी असं. अजून काय घालू? (पंचवटी)

उत्तर: घालायचं थांबवा गं बाई.

माझी गोष्ट सांगते. लग्न होऊन नवीन नाशिकरोडला आले तेव्हा सासूबाईंचा एक बटमोगरा होता, जुना, गुडघ्याएवढा. एका मे महिन्यात तो जरा मलूल दिसला म्हणून मी कौतुकाने मूठभर युरिया आणून घातला, मूठ म्हणजे चांगली भरलेली, वरून बादलीभर पाणी. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, आठवड्यात झाडाचा खराटा. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. उन्हात आधीच मुळं तहानलेली असतात आणि त्यात खताचा खार वाढला की मुळातलं पाणी उलट बाहेर ओढलं जातं, म्हणजे आपण पाणी घालून झाड वाळवतो. तेव्हापासून मे महिन्यात माझ्या घरात खताचा डबा माळ्यावर जातो.

तुमच्या मोगऱ्याला नत्र, म्हणजे खतातला पानं वाढवणारा नायट्रोजन, जास्त झालंय, म्हणून तो पानांचा संसार मांडून बसलाय. आपल्याकडे सटाणा, देवळ्याची डाळिंबवाली मंडळी बहार धरायच्या आधी झाडाला ताण देतात, पाणी तोडतात, पानं गाळतात, मग पाणी सोडलं की झाड फुलांनी फुटतं. मोगऱ्याचं तसंच आहे. पण तो ताण थंडीत द्यायचा असतो, डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी, पानं खुडायची, छाटणी करायची, मग फेब्रुवारीअखेर शेणखत आणि पाणी. आत्ता उन्हात ताण दिलात तर मरेल. आत्ता एवढंच करा, ज्या फांद्या नुसत्या पानांनी वाढल्यात त्यांचे शेंडे दोन-तीन पेरं खाली कापा, नवीन फुटव्यावरच कळी येते. कमीत कमी सहा तास ऊन लागतं त्याला, पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या चौकात कुंडी असेल तर जिन्यावरून वर न्या. या सीझनला एखादा बहर मिळेल, मग पावसाळ्यात मंदावेल.

आणि शेजारणीचा हजारी असेल आणि तुमचा मदनबाण, तर तुलनाच नको. हजारी मोगरा घोसाने फुलतो, मदनबाणाची कळी लांब आणि मोजकी. आधी बघून या कुठला आहे तो.

प्रश्न: दोडक्याला फुलंच फुलं, दोडका एक नाही. गिलक्याचा वेल पण लावलाय, त्याची छोटी गिलकी पिवळी होऊन गळतात. दुधीचं पण तेच. मी रिटायर्ड आहे, वेळ भरपूर आहे, काय करायचं ते सांगा. (नाशिकरोड)

उत्तर: काका, वेळ भरपूर आहे म्हणालात म्हणजे अर्धं काम झालं, कारण हे काम घड्याळाचं आहे.

या वेलांना नर फुलं वेगळी, मादी वेगळी. नर फुलाला नुसता बारीक देठ, मादी फुलाच्या मागे इवलासा दोडका आधीच असतो. सुरवातीचे दोन-तीन आठवडे नर फुलंच येतात, आणि दिवस मोठा, ऊन कडक, त्यात नत्र जास्त असं असलं की मादी फुलं येतच नाहीत लवकर. म्हणून दोडक्याला घाई करू नका, जूनमधे हवा निवली की मादी फुलं येतील. वेल सहा-सात पानांचा झाला की मुख्य शेंडा खुडला तर बगलफुटव्यांवर मादी फुलं जास्त येतात. यूट्यूबवर याला थ्रीजी कटिंग म्हणून फार गाजवलंय, आपल्या आज्या नुसतं शेंडा खुड म्हणायच्या.

गिलकी पिवळी होऊन गळतात म्हणजे तिथे मादी फूल आहे पण परागीभवन होत नाहीये. वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी येतात, त्यात कुणी संध्याकाळी डासांचा स्प्रे मारत असेल तर संपलंच. मग मधमाशीचं काम आपण करायचं. ताजं उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे करायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधे हलकेच टेकवायचा, एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. वेळ मात्र चुकवू नका. गिलकं, कारलं, काकडी, लाल भोपळा यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात, आठ-नऊच्या आत उरका. दोडका आणि दुधी उलटे, ते संध्याकाळी पाचनंतर उमलतात, दुधीचं पांढरं फूल तर रात्रीच्या पतंगांसाठीच असतं. म्हणजे सकाळी फिरायला जायच्या आधी गिलकं आणि संध्याकाळच्या चहानंतर दुधी. काकूंना सांगा ड्युटी लागलीये म्हणून.

फळ धरलं की त्यावर कागदाची पिशवी बांधा, फळमाशी एकदा डंख मारून गेली की दुधी वाकडा होतो आणि आत अळ्या. पेपरची पुडी चालते, प्लास्टिक नको, घाम येतो.

प्रश्न: आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याची बोंब. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना चालतं का? सासरे म्हणतात चालतं, मिस्टर म्हणतात नाही. (सिडको)

उत्तर: मिस्टर बरोबर आहेत, पण सासऱ्यांना सांगू नका. आरओमधून जे बाहेर पडतं त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात, बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका. महिना-दोन महिने तेच घातलं की मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी खापली धरते, पानांच्या कडा तपकिरी होतात आणि आपण म्हणतो ऊन लागलं. ते पाणी लादी पुसायला, बाथरूममधे, गाडी धुवायला वापरा. अगदीच अडलं तर निम्मं साधं पाणी मिसळून मोठ्या झाडांना द्या, शेवगा, जास्वंद, कण्हेर, रोपांना आणि पालेभाजीला नाही. एसीचं पाणी मात्र बिनधास्त द्या, त्यात क्षार जवळजवळ नसतात. तांदूळ-डाळ-भाज्या धुतलेलं पाणी तर तुम्ही देतच असणार.

पाणीकपात लागली की आपण सगळे गंगापूर धरणात किती टक्के उरलं ते पेपरात बघतो आणि घरात मात्र नळ उघडा ठेवून कुंड्या भरतो. झारी वापरा. काळ्या ग्रो बॅग असतील तर बाहेरून चुना मारा किंवा जुनं गोणपाट गुंडाळा, काळा रंग ऊन पितो आणि आतली मुळं उकडतात. कुंड्या सुट्ट्या ठेवू नका, एकमेकीला चिकटवून घोळका करा, मोठी पश्चिमेला, लहान तिच्या आडोशाला. आणि खाली दोन विटा. पहिले दोन-तीन पाऊस चांगले पडले की सगळ्या कुंड्या उघड्यावर ठेवून निथळू द्या, साठलेला खार धुवून निघतो.

प्रश्न: ताई हे जरा घरगुती आहे पण विचारते. ह्यांचं म्हणणं माझ्या कुंड्यांमुळे स्लॅब गळतो. मी म्हणते गेल्या पावसाळ्यात गळला तो जुन्या भेगेतून. ६० कुंड्या आहेत. (जेलरोड)

उत्तर: नवरा-बायकोच्या भांडणात मी पडत नाही, पण हिशोब सांगते, दोघांनी मिळून वाचा. एक घनफूट ओली माती ४५-५० किलोच्या घरात जाते. बारा इंची कुंडी भिजली की १५-२० किलो. तुमच्या ६० कुंड्या सगळ्या मोठ्या असतील तर हजार किलोच्या आसपास वजन तुम्ही वर चढवून ठेवलंय, म्हणजे ते अगदीच काही चुकीचं बोलत नाहीयेत. वजनदार कुंड्या भिंतीच्या आणि बीमच्या वर, मधे नुसता जायचा-यायचा रस्ता. काळी माती हलकी करा, ती उन्हात भेगाळते आणि पावसात चिखल, एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट-पालापाचोळा.

भेग मात्र आत्ता भरून घ्या. वॉटरप्रूफिंगवाला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोन उचलत नाही. कुंड्यांच्या तळाची भोकं तार घालून मोकळी करा, गच्चीच्या पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकलाय का बघा. मागच्या वर्षी वळवाच्या एका पावसात आमच्या गच्चीवर घोट्याएवढं पाणी साठलं होतं, कारण काय, तर मीच ठेवलेलं एक पायपुसणं वाहत जाऊन पाइपात बसलेलं. तेव्हा घरात सगळ्यात जास्त आवाज माझाच होता हे कबूल करते.

प्रश्न: गुलाब इतका छोटा का येतोय? पूर्वी वाटीएवढा यायचा, आता लिंबाएवढा. छाटू का? (कॉलेजरोड)

उत्तर: नका छाटू. कडक उन्हात कळी घाईने उमलते, तिला भरायला वेळच मिळत नाही, म्हणून फूल लहान आणि रंग फिका. मोठी छाटणी ऑक्टोबरमधे. आत्ता फक्त सुकलेली फुलं काढा आणि कलमाच्या गाठीच्या खालून एखादी जोमदार सरळसोट फांदी आली असेल तर ती मुळापासून काढा, ती जंगली आहे, सगळं अन्न तीच खाऊन बसते. मोगलांच्या काळात आपल्या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, तेव्हा लिंबाएवढ्या गुलाबावर नाराज होऊन झाड उपटू बिपटू नका, गावाची लाज राखा.

प्रश्न: कोथिंबीर उगवतच नाही. (सातपूर)

उत्तर: मे महिन्यात विकतच घ्या. जूनअखेर धणे दोन फाकी होतील इतकेच चपलेने हलके रगडा, रात्रभर भिजवा, पेरा. सध्या राजगिरा, लाल माठ, तांदुळजा टाका, तीन-चार आठवड्यात भाजी. अळूचे कंद आता लावले तर श्रावणात वड्या.

प्रश्न: मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दसऱ्याला घरचा झेंडू हवाय, कधी पेरू? आणि गेल्या वर्षी शेवंतीला कळ्याच आल्या नाहीत, झाड हिरवंगार. बाल्कनीत ठेवलेली, जागा छान आहे, रात्री पण अगदी लख्ख उजेड असतो. (गंगापूररोड)

उत्तर: झेंडूला बी टाकल्यापासून भर फुलायला साधारण ९० दिवस धरा. कॅलेंडरवर दसरा बघा आणि तिथून तीन महिने मागे या, बहुतेक वर्षी जुलै येतो, दसरा सप्टेंबरअखेर असेल तर जूनअखेर. गणपतीला पण हवा असेल तर आत्ताच थोडं बी टाका. गेल्या दसऱ्याच्या तोरणाची वाळलेली फुलं ठेवली असतील तर त्यांचं बी उगवतं, पण बाजारातला कलकत्ता झेंडू बहुतेक हायब्रीड असतो, त्याची पोरं आईसारखी निघतीलच असं नाही, काही एकेरी पाकळ्यांची निघतात. मला ती पण आवडतात. रोप महिन्याचं झालं की शेंडा खुडा, फांद्या वाढतात.

शेवंतीचं उत्तर तुम्हीच दिलंत. तो लख्ख उजेड. शेवंतीला कळी धरायला लांब अंधारी रात्र लागते, दिवस लहान होत गेले की तिला कळतं आता फुलायचं. तुमच्या बाल्कनीसमोर रस्त्याचा एलईडी दिवा असणार, त्यामुळे तिच्या लेखी अजून उन्हाळाच चालू आहे, बिचारी वाढतच बसली. सप्टेंबरपासून तिला घराच्या अंधाऱ्या बाजूला हलवा, जागा नसेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी सात वरून पुठ्ठ्याचं खोकं उपडं घाला, कळ्या दिसेपर्यंत रोज, एकही रात्र न चुकता. आत्तासाठी, जुन्या झाडाच्या बुडाशी जी पिल्लं आलीत ती सावलीत जपा आणि एक-दोन पाऊस झाले की मुळासकट वेगळी करून लावा. आई ठेवायची गरज नाही.

प्रश्न: मी सहावीत आहे. आमच्या कढीपत्त्यावर चिमणीच्या शीसारखे दिसणारे किडे आहेत, आई म्हणते औषध मारूया. ते हलतात. मारायचं का? आणि पहिल्या पावसात ते लाल मखमली किडे येतात ते झाडं खातात का? (देवळाली कॅम्प)

उत्तर: आईला सांग दोन आठवडे थांब. ती फुलपाखराची बाळं आहेत. लिंबू आणि कढीपत्त्यावर अंडी घालणारी फुलपाखरं असतात, त्यांच्या अळ्या लहानपणी मुद्दाम पक्ष्याच्या शीसारख्या दिसतात म्हणजे पक्षी त्यांना खायला येत नाहीत, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात. हात लावलास तर डोक्यातून लाल शिंगासारखं काहीतरी बाहेर काढून घाण वास सोडतात, घाबरू नकोस, चावत नाहीत. त्यांच्याच नात्यातलं ब्लू मॉर्मन आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, २०१५ मधे जाहीर झालं, त्याच्या अळ्या पण लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतात. कढीपत्ता काही मरत नाही, पाऊस पडला की दुप्पट फुटतो. चार-पाच अळ्या असतील तर राहू दे, वीस असतील तर निम्म्या शेजारच्या लिंबावर नेऊन सोड, शेजाऱ्यांना न सांगता.

लाल मखमली तो मृगाचा किडा. झाडं नाही खात तो, दुसऱ्या किड्यांची अंडी खातो, म्हणजे आपल्याच पार्टीतला आहे. डबीत भरून शाळेत नेऊ नकोस, मी नेला होता, मेला. यंदा कुठल्या तारखेला पहिला दिसला ते मला लिहून कळव, नाशिकरोडला माझ्याकडे आधी येतो की देवळालीला तुझ्याकडे ते बघू.